लालासाहेबांच्या हॉटेलातला शेरा

सातारा, मार्गशीर्ष वद्य दशमी, शके १८८७

गं. भा. मुक्ताबाई हिला धोंडीदादाचा आशीर्वाद. पत्राला उशीर झाला याची आधी माफी मागतो, मग बाकीचे लिहितो. तुझे पत्र तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आले आणि हे उत्तर तुझ्या हाती पडेल तेव्हा पौष तोंडावर आलेला असेल. मध्ये मी तीन वेळा लिहायला बसलो. पहिल्या वेळी दौत सांडली, दुसऱ्या वेळी काय लिहावे ते सुचले नाही, आणि तिसऱ्या वेळी सुचले म्हणून घाबरून उठलो. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीची माफी मागू नये असे तुझी वहिनी म्हणते, पण तिला म्हणायला काय जाते, पत्र मला लिहायचे आहे. तुझा गुडघा कसा आहे? विहिरीला पाणी किती राहिले? काळी शेळी व्याली का? इकडे माझे बरेच आहे म्हणायचे. खोकला आहे, छातीत मधूनमधून धडधडते, आणि वरचे चार व खालचे सहा दात उरले आहेत, पैकी एकमेकांना भेटणारे दोनच. (हे दातांचे पुढे कामाला येणार आहे म्हणून लिहिले, उगाच रडगाणे नाही.)

एक सूचना. हे पत्र गुरुजींकडून वाचून घे, सुलाच्या हातात देऊ नकोस. पत्र तिच्याच सोयरिकीबद्दल आहे, आणि जिची सोयरीक तिनेच ते आईसमोर मोठ्याने वाचायचे, हे मला बरे दिसत नाही. (गुरुजी, तुम्हाला नमस्कार. जिथे मी कंस केला असेल तिथे आधी मनात वाचा, मग मुक्ताला सांगायचे की नाही ते ठरवा.)

सांगलीचे लालासाहेब सूर्यवंशी, त्यांचे हॉटेल, आणि त्यांचा एकुलता मुलगा मानसिंग. या स्थळाबद्दल तू चार गोष्टी बघून यायला लिहिले होतेस. घराणे कसे, मुलाला व्यसन आहे का, स्वभाव कसा, आणि चौथी, मुलगा कुठे जेवतो आणि कोणाबरोबर जेवतो. पहिल्या तीन मला समजल्या. चौथी वाचून मी तुझ्या वहिनीला म्हणालो, हॉटेलवाल्याचा मुलगा जेवणार कुठे, हॉटेलातच. एवढ्यासाठी सांगलीला जाऊन काय बघायचे? ती म्हणाली, “लिवलंय न्हवं? मग बघून या.” शिवाय तू बजावले होतेस की चौकशी गुपचूप व्हावी. ते मला सांगायला नको. स्थळाची चौकशी त्यांच्या दारात जाऊन करत नाहीत, शेजाऱ्याला विचारावे, त्याच धंद्यातल्या माणसाला विचारावे, ही आपल्यातली रीत मला ठाऊक आहे. याच कामात माझा हात पूर्वी एकदा पोळला आहे, ते तुलाही ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहीन, धीर झाला तर.

आता अडचण अशी की हॉटेल या गोष्टीचा मला सराव नाही. तीस वर्षे शाळेत शिपाई होतो, घंटेला कधी अर्धा मिनिट उशीर केला नाही (शिक्षण मात्र तिसरीच राहिले, नुसते शाळेत राहून शिकता येत नाही, हे अनुभवाने सांगतो), आणि तीस वर्षे मधल्या सुट्टीत फडक्यातली भाकरी सोडून खाल्ली. चांगले हॉटेल कोणते नि वाईट कोणते हेच ज्याला कळत नाही, त्याने हॉटेलवाल्याची पारख काय करावी? म्हणून आधी साताऱ्यातच थोडा अभ्यास करायचे ठरवले. तुझी वहिनी म्हणाली, “चौकशी सांगलीची आन् खाणं साताऱ्याचं, ही कुठली वो रीत?” मी लक्ष दिले नाही.

एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा कपात थोडा आणि बशीत फार असतो, आणि देणारा तो असा आपटतो की उरलेला टेबलावर येतो. पोवई नाक्याजवळ एका ठिकाणी कांदाभज्यांत कांदा शोधावा लागतो. मला एक पाकळी सापडली तर शेजारचा माणूसही वाकून बघू लागला. राजवाड्यापाशी एक जुने हॉटेल आहे, तिथे भिंतीवर इतक्या पाट्या की त्या वाचून होईपर्यंत चहावर साय धरते. येथे राजकारण बोलू नये. बाकावर पाय घेऊ नयेत. विनाकारण बसू नये. टेबलावर पाण्याने रेघा ओढू नयेत. ही शेवटची पाटी मी वाचली तेव्हा माझे बोट टेबलावरच्या पाण्यातच होते. मी उठलो आणि राहिलेला चहा उभ्यानेच प्यालो. पण या सगळ्या फिरण्यात एक गोष्ट दिसली ती सांगतो. प्रत्येक हॉटेलात दुपारच्या वेळी एक-दोन माणसे अशी असतात की त्यांना भूक नसते, घाईही नसते, तरी बसून असतात. त्यांना घरी जायचे नसते, कारण घरी कोणी नसते. मालकाला ते कळते. तो सगळीकडे फडके मारतो, त्यांचे टेबल सोडून देतो. मला आमच्या हिंदुरावांची आठवण झाली. बावीस वर्षे मुंबईच्या गिरणीत, आणि बावीस वर्षे खाणावळीत. (गुरुजी, हे वाचू नका. नवऱ्याचे नाव निघाले की मुक्ता दोन दिवस बोलत नाही.)

सांगलीला सोमवारी निघालो, ही पहिली चूक. पाकिस्तानशी लढाई झाल्यापासून सोमवारी संध्याकाळचे जेवण देशासाठी सोडायचे आणि हॉटेलांनीही दारे लावून घ्यायची, असा नेम चालू आहे. मला तो ठाऊक होता, पण घरच्या चुलीला दार नसते, म्हणून ध्यानात राहिला नाही. दिवेलागणीला सांगलीत उतरलो तर सगळी हॉटेले बंद. तरी मी रिकामा बसलो नाही, बंद हॉटेलांवरून जेवढी पारख करता येईल तेवढी केली. ज्याच्या दारात तीन कुत्री वाट बघत बसली होती ते चांगले, ज्याच्या दारात एकही नव्हते ते बेताचे. कुत्र्यांना नेमाचे कोणी सांगितलेले दिसत नव्हते. मग गणपतीच्या देवळाकडे एका धर्मशाळेत पथारी टाकली आणि तुझ्या वहिनीने बांधून दिलेली भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली.

दुसरी चूक कोटाची. थंडी पडली होती म्हणून तुझ्या वहिनीने मला शाळेतला खाकी कोट घालायला लावला आणि त्याची पितळी बटणे चिंचेने घासून लखलखीत करून दिली. काखेत छत्री, हातात वही, आणि अंगात तो कोट, असा मी मंगळवारी सकाळी हळदीच्या बाजाराकडे गेलो. (वही घेतली कारण आता चार गोष्टी एकदम डोक्यात राहत नाहीत. पानाच्या वर एकेक मथळा लिहून ठेवला होता. घराणे, व्यसन, स्वभाव, जेवण.)

बाजाराच्या तोंडाशी बिराप्पा नावाच्या माणसाचे चहाचे दुकान आहे. तो उगारकडचा, बोलण्यात कानडी वळण. चहा फार चांगला, आल्याचा, घशाला एकदम बरे वाटले. मी सहज विचारल्यासारखे करून विचारले, इथले लालासाहेब हॉटेलवाले कसे काय आहेत? त्याने हातातले गाळणे खाली ठेवले. “लालासायेब म्हंजे द्येव माणूस की री. त्येंच्याकडं काय बी गडबड न्हाई बघा. आमच्याकडं बी न्हाई.” एवढे म्हणून न मागता त्याने दुसरा चहा दिला आणि हा गुळाचा आहे, वास घ्या, असे तीनदा सांगितले. साखर कारखान्याच्या गावात गुळाचा चहा, याचे मला नवल वाटले, पण साखरेची टंचाई आपल्याकडेही आहेच. पैसे देऊ लागलो तर त्याने दोन्ही हात मागे बांधले. मला वाटले, सांगलीची माणसे फार मायेची. वहीत ‘घराणे’ या मथळ्याखाली ‘देव माणूस’ असे लिहिले.

तिथून पुढे आणखी तीन हॉटेले केली. एका ठिकाणी टेबलाला संगमरवरी फरशी होती, पण पाय हलत होता, त्यामुळे शिरा खाताना एका हाताने टेबल धरावे लागले. शिरा बेदाण्यांचा होता आणि बशीच्या बाहेर येईल इतका दिला. दुसऱ्या ठिकाणी मी आत पाऊल टाकले आणि गल्ल्यावरचे एक भांडे इतक्या वेगाने आत गेले की मला त्याचे झाकणच दिसले. तिसऱ्या हॉटेलाचा मालक सयाजी, तो तर मला बघून उभाच राहिला आणि मी जाईपर्यंत बसला नाही. मी विचारले, लालासाहेबांच्या मुलाला व्यसन वगैरे? तो म्हणाला, “छ्या, सायेब. बडीशेप बी खात न्हाई.” मी लिहून घेतले. मी जेवढे लिहावे तेवढे त्याने वाढवून सांगावे. मानसिंग असा, मानसिंग तसा, लालासाहेबांनी दुष्काळात माणसे जगवली, पुरात माणसे काढली. कुठेही पैसे घेतले नाहीत. दुपारपर्यंत माझ्या वहीत चार पाने झाली आणि चारही पानांवर देव माणूस. अशी सोयरीक हातची जाऊ नये म्हणून मला तिथेच काळजी लागली.

मग शिऱ्याने तोंड गोड गोड झाले म्हणून घाटाकडे उतरणाऱ्या बोळात भामाबाईंच्या खाणावळीत जेवायला बसलो. माझ्याच वयाची बाई असेल. दारातच पाटी, पैसे आधी. मी आधी दिले. भाकरी पातळ, आमटीला फोडणी लसणीची, पालेभाजीत दाणे, आणि वाढताना माणसाकडे बघून वाढायची पद्धत. इतक्या हॉटेलांत मला जेवल्यासारखे तिथेच वाटले. मी दुसरी भाकरी मागितली आणि वही मांडीवर घेतली. बाई पाणी ओतता ओतता म्हणाल्या, “पोरगी कुणाची?” मी वही मिटली. म्हटले, कसली पोरगी? तर म्हणाल्या, “आवं, साखरंवरचा इनिस्पेक्टर पैसं देत न्हाई आन् दुसरी भाकरी मागत न्हाई. तुमी दोन्ही केलं. वर वहीत ‘स्वभाव’ म्हणून लिवलंय. साखरंला स्वभाव असतो व्हय?”

मुक्ते, तेव्हा मला कळले. पितळी बटणांचा खाकी कोट घातलेला साखर तपासणारा माणूस साताऱ्याहून आला आहे आणि त्याचा डोळा लालासाहेबांवर आहे, ही बातमी सकाळपासून बाजारभर झाली होती. एका धंद्यातली माणसे, ती एकमेकांना सांभाळून घेणारच. म्हणजे माझ्या वहीतले चारही देव साखरेच्या भीतीने उभे राहिलेले होते. मी भामाबाईंना म्हणालो, मग खरे काय ते तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, “पोरगा वाईट न्हाई. पर लालासायबाची बायकू जाऊन सात वर्सं झाली, तवापासनं त्या घरात चूल न्हाई. हाटेलाची भट्टी हाय, घरची चूल न्हाई. तुमची पोरगी घरात जाईल का भट्टीवर जाईल, त्येवढं इचारा.” मी म्हणालो, तुम्हाला काय वाटते? त्या माझ्या ताटात मीठ वाढत म्हणाल्या, “मी काय सांगू? मी बी अशीच आले, पंधराव्या वर्साला. अजून वाढतीयाच.”

इथेच परत फिरायला हवे होते. निदान कोट काढून जायला हवे होते, हे मला आज इथे बसून कळते, पण आतला सदरा कोपरावर फाटलेला होता आणि सोयऱ्यांपुढे तसे जाणे बरे नव्हते. लालासाहेबांचे हॉटेल बाजाराच्या मागच्या रस्त्याला आहे. दोन पायऱ्या, सहा टेबले, पाट्या एकही नाही. लालासाहेब उंच, मिशा पांढऱ्या, बोलणे मोजके. मी दारात दिसताच ते म्हणाले, “या. आमी वाटच बघत व्हतो.” मी म्हणणार होतो की मी मुलीचा मामा. खरेच म्हणणार होतो. पण त्यांनी खुर्ची पुसली, साखरेचे अर्धे पोते पुढे ओढून दाखवले, परवान्याचा कागद दाखवला, आणि एक वही उघडून माझ्यापुढे ठेवली. शेरेबुक. येणाऱ्या साहेबाने शेरा लिहायची वही. ती बघून माझे काय झाले ते तुला कसे सांगू? तीस वर्षे शाळेत इन्स्पेक्टर आले की हेडमास्तर असेच शेरेबुक उघडायचे, आणि मी बाजूला दौत धरून उभा राहायचो. तीस वर्षे दौतच धरली. त्या दिवशी लालासाहेबांनी टाक माझ्या हातात दिला. (गुरुजी, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे समजेल.)

मी लिहिले, “स्वच्छता ठीक. हजेरी समाधानकारक. पटसंख्या वाढवण्याचा प्रयत्न व्हावा.” इन्स्पेक्टर साहेब दरवर्षी हेच लिहायचे, मला तेवढेच पाठ होते. खाली सही केली, पुरी, धोंडीबा रामजी फडतरे, सातारा, आणि रेघ ओढली. लालासाहेबांनी वही फिरवून हळूहळू वाचली. “पटसंख्या?” मी म्हणालो, “गिऱ्हाईक.” ते म्हणाले, “बरं.”

मग मानसिंगने मिसळ आणली. भट्टीवर तोच उभा असतो. अंगाने बारीक, हातावर तेलाचे डाग, डोळे आईसारखे असावेत, कारण बापासारखे नाहीत. त्याने कोटाकडे बघितले नाही, माझ्या तोंडाकडे बघितले. “आजोबा, घाई करू नगा. पाव रश्श्यात मुरू द्या, मऊ पडंल. फरसाण काढून ठिवतो, शेव घ्या नुसती.” दहा दातांच्या माणसाला काय चावेल हे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एकाही हॉटेलवाल्याला सुचले नव्हते. मिसळ कशी होती म्हणशील तर तिखट होती, पण नंतर त्याने ताक आणून ठेवले, न सांगता. मी पैसे काढले तेव्हा लालासाहेब नको नको अशी मान हलवत होते. मानसिंग बापाला म्हणाला, “दादा, खाल्लंय त्येंनी. देत्यात तर घिऊ की.” आणि घेतले. सबंध सांगलीत हॉटेलात माझे पैसे घेणारा तो एकटाच. मी कोपऱ्यात बसून आणखी घटकाभर थांबलो, मग छत्री विसरून निघालो, मग छत्रीसाठी परत गेलो, आणि तेव्हाही मी मामा आहे हे सांगितले नाही.

आता माझे मत. मुक्ते, पंचवीस वर्षांपूर्वी तुझ्या स्थळाची चौकशी बाबांनी माझ्यावर टाकली होती. मी माण तालुक्यातल्या तुमच्या वाडीला गेलो, एक दिवस राहिलो. त्यांनी पुरणपोळी केली होती, वाटीभर तूप होते. मी तीन पोळ्या खाल्ल्या, घरी आलो आणि सांगितले, घर खातेपिते आहे, द्या. हिंदुराव तेव्हाही मुंबईतच होते. मी त्यांना बघितलेसुद्धा नाही. ते कुठे राहतात, कुठे जेवतात, तुला तिकडे नेणार का, हे मी विचारले नाही, कारण माझे पोट भरले होते. पुढे तू वाडीत एकटीसाठी दोन भाकरी थापत राहिलीस आणि ते तिकडे बाकावर बसून पैसे देऊन जेवत राहिले, ते जाईपर्यंत. तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस, म्हणून ते जास्तच लागते. (गुरुजी, हे वाचा. हळू वाचा.)

या वेळी मी एका घरी जेवून हो म्हणणार नाही असे ठरवले होते, म्हणून सहा ठिकाणी जेवलो. पण निष्पत्ती काय, तर चार ठिकाणचे खोटे, एका ठिकाणचे खरे, आणि सहाव्या ठिकाणी मीच खोटा. उद्या बैठक ठरली आणि मुलीचा मामा म्हणून मी पुढे बसलो, तर लालासाहेब मला बघून काय म्हणतील? तोतया साहेबाची भाची कोण करून घेईल? आणि त्या घरात चूल नाही हे तर खरेच आहे. तेव्हा या स्थळाला ‘नको’ कळवावे, असे माझे मत पडते. चौथ्या गोष्टीचे मला काही कळले नाही असे धर. गुडघ्याला एरंडाचे पान बांध. कळावे.

तुझा दादा,
धोंडीबा

ता. क. पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “समदं लिवलं, आन् इचारलंय त्येवढं तुमच्यापाशी ठिवलं.” तेव्हा लिहितो. चौथी गोष्ट मी बघितली आहे. दुपारी अडीचला गर्दी ओसरल्यावर मानसिंगने तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताटली ठेवली आणि भट्टीपाशी उभ्यानेच जेवायला लागला. एक घास घेतला की गिऱ्हाईक येई, ताटली झाकून जाई, परत येऊन दुसरा घास. असे चार वेळा झाले. लालासाहेब पलीकडे रस्त्याकडे तोंड करून जेवत होते. दोघे एकमेकांशी भांडलेले नव्हते, नुसती सवय गेली होती. मी कोपऱ्यात थांबलो तो हे बघायला. हे बघितल्यावर तीन आठवडे मला हो लिहिता आले नाही आणि नकोही लिहिता आले नाही. वर ‘नको’ लिहिले आहे ते शेऱ्याच्या भीतीने.

ता. क. दुसरे. पाकीट चिकटवणार तोच पोस्टमन आला. लालासाहेबांचे कार्ड आहे. सोयरिकीसाठी तुमच्याकडून गेलेल्या टिपणात मुलीच्या मामाचे नाव-गाव लिहिलेले असते, हे मी सही करताना साफ विसरलो होतो. ते टिपण त्यांच्या गल्ल्यात होते. ते लिहितात की सही आणि टिपण एकमेकांशेजारी ठेवून बघितले, आपण आलात आणि आम्ही ओळखले नाही, राग नसावा. खरा इन्स्पेक्टर आठ दिवसांनी आला होता. त्याने माझा शेरा दोनदा वाचला, खाली ‘सहमत’ असे लिहिले आणि सही करून गेला. पुढे लिहितात की भामाबाई येऊन बरेच बोलून गेल्या, त्यावरून मागच्या खोलीत चूल घालायला गवंडी बोलावला आहे, तरी मुलीकडच्यांचा विचार कळावा. कार्डाच्या कडेला वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे, मामांचे दात कसे आहेत.

ता. क. तिसरे, आणि हे सुलासाठी. सुले, लालासाहेबांचे नाव नीट लिहायला म्हणून मी तुमचे पत्र पुन्हा काढले, तेव्हा ध्यानात आले. गुरुजी दिवाळीपासून फलटणला ट्रेनिंगला गेले आहेत, हे त्याच पत्रात लिहिलेले आहे. मी ते वाचले होते, तरी कंस करून करून त्यांना नमस्कार लिहीत बसलो. म्हणजे हे सगळे तूच वाचत आलीस, कंसांसकट. आणि पत्र तुझ्याच अक्षरातले आहे. चौथीला एक वर्ष आमच्याकडे होतीस तेव्हा पाटीवर मीच तुझे ‘ज’ गिरवून घेतले होते, ते मला ओळखू येते. आईच्या तीन गोष्टी वर आहेत. चौथी अगदी तळाला, आशीर्वादाच्याही खाली, बारीक अक्षरात आहे. आईने ती सांगितलेली नाही. ती तुझी आहे.

तेव्हा उत्तर तुला देतो. तो उभ्याने जेवतो, एकटा जेवतो, आणि दुसऱ्याच्या दातांकडे बघून वाढतो. चूल घालून होईल. त्या चुलीपाशी बसायला जायचे का नाही, हे ना मी ठरवणार ना लालासाहेब. तुझ्या आईला कोणी विचारले नव्हते. मी तर नाहीच. तुला विचारतो. हो असेल तर हो लिही, नको असेल तर नको लिही, मी लालासाहेबांना तेच कळवीन आणि कारण विचारले तर सगळे माझ्या शेऱ्यावर घालीन. वरचे ‘नको’ धरू नकोस, पण ‘हो’ आहे असेही धरू नकोस. एक कार्ड पुरे. आईला दाखवून टाक, लपवू नकोस, आणि लवकर टाक. आमच्या आळीत पोस्टमन अकराला येतो, मी साडेदहापासून दारात उभा असतो.